‘अणुभार’ सोळा की बत्तीस?

विद्यापीठप्रवेशाची तयारी करणारा मराठी विद्यार्थी रसायनशास्त्राचे हिंदी पुस्तक उघडतो, तेव्हा परिचित शब्दच त्याची फसगत करतो. ऑक्सिजनचा ‘अणुभार’ मराठीत १६, हिंदीत ३२. चूक कोणाचीच नाही. मराठी ‘अणू’स हिंदीत ‘परमाणु’ म्हणतात. आणि अणूंच्या संयोगाने सिद्ध होणारा आपला ‘रेणू’ तेथे ‘अणु’ या नावाने वावरतो.

हा भेद प्रत्यक्ष रसायनशास्त्रासही सहज साधला नव्हता. आव्होगाद्रोने १८११ मध्ये तो सुचविला. परंतु कान्नित्सारोने १८५८ मध्ये त्याची उपयुक्तता सिद्ध करून १८६० च्या कार्ल्सरूए येथील परिषदेत तो पुढे मांडला, त्यानंतरच तो हळूहळू रूढ झाला. तोपर्यंत पाण्यात हायड्रोजनचे अणू किती, एक की दोन, यावरही एकमत नव्हते.

वैशेषिकांच्या मते परमाणू अविभाज्य. दोहोंचे द्व्यणुक होते, आणि तीन द्व्यणुकांचा त्रसरेणू, म्हणजे कवडशात तरळणारा धूलिकण. ‘परम’ या पदात अंतिमतेची ग्वाही आहे. १८९७ मध्ये इलेक्ट्रॉनचा शोध लागल्यावर ती ग्वाही फोल ठरली. ‘अणू’ म्हणजे नुसते ‘सूक्ष्म’. मला तो अधिक प्रामाणिक वाटतो. तथापि व्युत्पत्ती येथे निर्णायक नव्हे. संज्ञेचा अर्थ शेजारच्या संज्ञेशी असलेल्या विरोधातून ठरतो. म्हणून ‘अणुभार’ हा शब्द भेटताच विद्यार्थ्याने त्याच पुस्तकात प्रथम ‘रेणू’ आहे की ‘परमाणु’, हे पाहून मगच आकडेमोडीस हात घालावा.