कोठडीतला मार आणि कायदा

जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत एका शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला. अख्खा महाराष्ट्र संतापला, लाखोंचे मोर्चे निघाले. ‘अशांना जनतेच्या ताब्यात द्या’ हे उद्गार अशा वेळी माणसांच्या तोंडून निघतातच, आणि तो राग समजण्यासारखाही असतो. खटला मात्र नगरच्या न्यायालयात चालला, परिस्थितीजन्य पुराव्याच्या कड्या जोडत. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली.

अशा गुन्ह्यातल्या आरोपीलाही कबुलीसाठी चापट मारायची परवानगी कायदा कोणालाच देत नाही. कोणत्याही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही, असे राज्यघटनेचे कलम २० सांगते. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा ठरत नाही, आणि कबुलीसाठी मारहाण करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. यामागे दया आहेच, पण रोकडा अनुभवही आहे. पट्ट्याखाली आलेला माणूस विचारणाऱ्याला हवे ते बोलतो. मग खरा गुन्हेगार बाहेर मोकळा फिरतो.

तरीही मारहाण होतेच. तिची किंमत कोण मोजते, हे कर्जत, जामखेड, श्रीगोंद्याच्या पारधी वस्त्यांवर विचारावे. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे अनेक जमातींना जन्मतःच चोर ठरवले. तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशय राहिला. गावात चोरी झाली की पोलिसांची पहिली गाडी पालांकडे वळते.

कर्जतहून राशीन-भिगवणमार्गे बारामती गाठता येते. तिथे जून १९९८ मध्ये पिन्या हरी काळे हा पारधी शेतमजूर पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावला. त्याच वर्षी फेब्रुवारीत पश्चिम बंगालमध्ये बुधन सबरही पोलिसांच्या मारानंतर कोठडीत दगावला होता. महाश्वेता देवी, गणेश देवी आणि ‘उचल्या’कार लक्ष्मण गायकवाड यांनी विमुक्तांच्या, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या जमातींच्या, हक्कांसाठी उभारलेल्या गटाने ही प्रकरणे लावून धरली. एरवी अशा मृत्यूची बातमी चार ओळींत संपते.

नियम नाहीत असे नाही. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये अकरा सूचना दिल्या. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची पट्टी हवी. अटकेचा मेमो वेळ-तारखेसह लिहावा, त्यावर नातलगाची किंवा गावातल्या प्रतिष्ठिताची सही हवी. अंगावरच्या जखमांची नोंद करावी, दर ४८ तासांनी डॉक्टरकडून तपासणी व्हावी. २०२० मध्ये न्यायालयाने ठाण्यांत, लॉकअपमध्येही सीसीटीव्ही लावायला सांगितले.

तरी खरी कसोटी लागते ती चोवीस तासांच्या आत आरोपी मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहतो तेव्हा. साहेब विचारतात, ‘पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?’ ज्याच्याबद्दल सांगायचे तो शिपाई दंडाला धरून शेजारीच उभा असतो, आणि पोलीस कोठडी मिळाली तर परत त्याच्याच सोबत जायचे असते. ‘नाही’ म्हटले जाते, रोजनाम्यात तसे लिहिले जाते. वकील आधी एकांतात भेटला, तर हेच उत्तर बदलू शकते. पालावरच्या माणसाला त्या घडीला वकील कुठून मिळणार?

संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार १९८४ चा. युद्ध असो वा आणीबाणी, छळाला सबब नाही, असे तो स्पष्ट म्हणतो. भारताने त्यावर १९९७ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन दिलेले नाही. छळ प्रतिबंधक विधेयक २०१० मध्ये लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत अडकले आणि २०१४ मध्ये बारगळले. कोठडीत इजा झाली तर ती पोलिसांनीच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे, तसे नसल्याचे पोलिसांनी सिद्ध करावे, ही शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्ये केली आणि २०१७ मध्ये पुन्हा केली. जुलै २०२४ पासून देशात नवा साक्ष कायदा लागू झाला. ही तरतूद त्यातही आलेली नाही.