संडासाची लाइन तुंबते तेव्हा

एकटे बेसिन तुंबले तर दोष बहुधा त्याच्याच पाइपात असतो. पण मोरीत बादली ओतताच संडासाच्या भांड्यात गुडगुड होत असेल किंवा जाळीतून घाण वर येत असेल, तर मुख्य लाइनच बिघडली समजा. आधी चेंबरचे झाकण उघडा. चेंबर तुडुंब असेल तर अडथळा पुढे सेप्टिक टाकीकडे. कोरडे असेल तर मागे, घराकडे.

भंडाऱ्यासारख्या नदीकाठच्या गावात आणखी एक कारण असते. पावसाळ्यात जमिनीतले पाणी वर आले की शोषखड्डा पाणी घेईनासा होतो. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगेचा पूर वस्त्यांत शिरला, तेव्हा तर टाक्यांत उलट पाणी जाणारच. अशा वेळी पाइपात स्प्रिंग फिरवण्याचे पैसे वाया जातात. पाणी ओसरेपर्यंत वापर कमी करणे हाच उपाय.

झाडाची मुळे शिरलेला किंवा खचलेला पाइप मात्र साफ करून भागत नाही. तेवढा तुकडा कापून नवा बसवावा, साधारण ४० ते ६० फुटांमागे एक फूट उतार ठेवून. टाकी दर दोन-तीन वर्षांनी गाडी बोलावून उपसावी. तिच्यात माणूस उतरवू नका: आतला वायू जीवघेणा असतो, आणि सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे.