दुखतंय कुठे, शोधतोय कुठे!

कमरेतून कळ निघते, थेट पोटरीपर्यंत उतरते आणि आपण जाहीर करून टाकतो, 'बॉस, आपली डिस्क गेली!' डिस्कचा हा दबदबा १९३४ पासूनचा. त्या वर्षी मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी मणक्यांमधल्या सरकलेल्या चकतीचं आणि सायटिकाचं नातं दाखवून दिलं. ते खरंच आहे, बहुतेकांचा सायटिका तिथलाच. पण सायटिक नर्व्ह मणक्यापाशी संपत नाही. शरीरातली ही सर्वांत जाड नस नितंबात पिरिफॉर्मिस नावाच्या स्नायूखालून पायात उतरते. तिथे ती दबली, तरी कळ तशीच येते.

माझ्या एका आयटीवाल्या मैत्रिणीचं हेच झालं. खुर्चीत बसलं की पायात करंट, एमआरआय मात्र नॉर्मल! 'टेन्शन घेऊ नकोस' हा सल्ला सगळ्यांनी फुकटात दिला. शेवटी एका डॉक्टरांनी तिला कुशीवर झोपवून, पाय दुमडून तपासलं, तेव्हा दुखणं नितंबात सापडलं.

कमरेच्या नेहमीच्या एमआरआयचा सगळा रोख मणक्यावर असतो. पुढची नस बघायला 'एमआर न्यूरोग्राफी' आहे. मशीन तेच, पण चरबीचा सिग्नल दाबून नस उठावदार दिसेल असं सेटिंग. दुखावलेली नस त्यात जास्त उजळ दिसते. अमेरिकन न्यूरोसर्जन एरन फिलर यांच्या टीमने २००५ मध्ये २३९ पेशंट्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे सगळे नेहमीच्या उपचारांनी बरे न झालेले. त्यातल्या ६७.८ टक्के जणांचं नवं निदान होतं पिरिफॉर्मिस सिंड्रोम! अर्थात हा आकडा अडलेल्या केसेसचा, सरसकट सगळ्यांचा नाही.

याची उलट बाजूही आहे. २०१५ च्या एका आढाव्यानुसार काहीही दुखत नसलेल्या विशीतल्या ३० टक्के लोकांच्या स्कॅनमध्येही डिस्क फुगलेली दिसते. म्हणजे रिपोर्टमध्ये 'बल्ज' दिसला, म्हणून तोच गुन्हेगार असं नाही. चुकीच्या जागी ऑपरेशन झालं, तर टाके पडतील आणि कळ राहील.

म्हणून लगेच स्कॅनसाठी धावायचं? नाही. बऱ्याच जणांचा सायटिका काही आठवड्यांत ओसरतो. मात्र लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा पाय लुळा पडू लागला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि रिपोर्ट नॉर्मल असूनही कळ जात नसेल, तर गप्प बसू नका. डॉक्टरांना सरळ विचारा, 'मणक्याच्या पुढे बघितलंत का?'