सागरी पहारा व पहारेकऱ्यांचे उत्तरदायित्व : रायगड किनाऱ्याचे उदाहरण

पोलिसांवरील लोकविश्वास कशावर उभा राहतो, या प्रश्नाचा विचार करताना रायगड किनाऱ्याचा अनुभव बोधप्रद ठरतो. पहाऱ्याची साधने वाढली म्हणजे विश्वासही आपोआप वाढेल, अशी समजूत सामान्यतः आढळते. ती कितपत टिकते, हे येथे पाहावयाचे आहे.

९ जानेवारी १९९३ च्या रात्री दिघी येथे उतरलेला चोरटा माल श्रीवर्धन ठाण्याच्या पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडविला होता. परंतु लाचेची बोलणी झाली, चांदीच्या विटा तारण म्हणून ठेवून घेण्यात आल्या आणि माल पुढे गेला. फेब्रुवारीत शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रे व आर.डी.एक्स. उतरले. १२ मार्च रोजी मुंबईत झालेल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मृत्युमुखी पडली. या प्रकरणी काही पोलीस व कस्टम अधिकाऱ्यांना विशेष न्यायालयाने २००६ साली दोषी ठरविले. त्या रात्री पहारा नव्हता असे नाही. पहारेकऱ्यांना माल दिसला होता. दृष्टी शाबूत होती, निष्ठा विकली गेली होती.

२६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनारपट्टीवर तटरक्षक दलाची रडार-साखळी उभी राहिली, सागरी पोलीस ठाणी वाढली, कोळी बांधवांना ओळखपत्रे देण्यात आली. तथापि ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ एक निर्मनुष्य नौका लागली व तीत एके-४७ बंदुका सापडल्या. जूनमध्येच खलाशांनी सोडून दिलेली ती नौका प्रवाहाबरोबर वाहत आली होती. घातपाताचा हेतू नव्हता. मात्र किनाऱ्यावरील लोकांनी ती पाहून खबर दिली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. यंत्राला मर्यादा असते आणि ती उणीव गावकऱ्याचा डोळा भरून काढतो. पण खबर घेऊन ठाण्याची पायरी चढावयाची की नाही, हे तो तेथे मिळणाऱ्या वागणुकीवरून ठरवितो.

म्हणूनच पहारेकऱ्यांवरील पहाऱ्याचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने परमवीर सिंग सैनी खटल्यात २ डिसेंबर २०२० रोजी प्रत्येक पोलीस ठाण्यात ध्वनीसह चित्रण करणारे कॅमेरे बसविण्याचा व ते चित्रण किमान एक वर्ष जतन करण्याचा आदेश दिला. परंतु कॅमेरे चालू ठेवण्याची जबाबदारी ठाण्याच्या प्रमुखावरच आहे, आणि देखरेखीसाठी नेमावयाच्या जिल्हा समितीत जिल्हा परिषदेच्या प्रमुखाबरोबर पोलीस अधीक्षकही सदस्य आहेत. ज्याच्यावर नजर ठेवावयाची, त्याच्याच हाती नजरेची किल्ली राहते. हा दोष दूर करण्यासाठी स्वतंत्र तक्रार-यंत्रणा हवी. प्रकाश सिंग खटल्यात २००६ साली अशी यंत्रणा जिल्हा पातळीवर अपेक्षिली होती. महाराष्ट्राने २०१४ च्या कायद्याने राज्य व विभाग पातळीवर प्राधिकरणे नेमण्याची तरतूद केली. श्रीवर्धनच्या कोळ्याला जिल्ह्याचे ठिकाणही दूर. त्याच्या दृष्टीने विभागीय प्राधिकरण आणखी एक पाऊल दूर गेले.

तात्पर्य, समुद्राकडे रोखलेली दृष्टी आणि ठाण्याच्या आत वळलेली दृष्टी यांचे मूल्य समान आहे. पहिलीवर खर्च करणे सोपे असते. दुसरी मात्र सामान्य माणसाच्या आवाक्यात आली, तरच गोंडघर फाट्यावरील रात्रीची पुनरावृत्ती टळेल.