कच्च्या मडक्यांची शाळा

तेरणेकाठच्या तेर गावच्या गोरोबाकाकांच्या दोन कथा मराठी माणसास लहानपणापासून ठाऊक असतात : भजनाच्या तंद्रीत चिखल तुडविताना पायांखाली आलेले पोटचे पोर, आणि थापटण्याने संतांची डोकी ठोकून पाहून नामदेवांचे मडके कच्चे ठरविले तो प्रसंग. देवाच्या दारी लेकरू कसे वाढावे, हा विचार मनात आला की मला या दोन्ही एकदमच आठवतात.

धाराशिव जिल्ह्यात गावोगावी अखंड हरिनाम सप्ताहाची वहिवाट आहे. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, दुपारी गाथ्यावरील भजन, सांजेस हरिपाठ, रात्री कीर्तन व पुढे जागर. वीणा मात्र सात दिवस भुईला टेकत नाही, पहारेकरी ती एकमेकांच्या गळ्यात घालीत राहतात. आळंदीस जोगमहाराजांनी 1917 साली वारकरी शिक्षण संस्था काढली, ती जाणत्या विद्यार्थ्यांसाठी. त्याआधीच्या वयाची सोय गावच्या सप्ताहातच होते, आणि तेथे मुलांसाठी म्हणून निराळे काहीच मांडलेले नसते, हेच माझ्या मते तिचे मर्म.

हरिपाठाची वेळ पहावी. समोरासमोर उभ्या राहिलेल्या रांगेच्या शेवटाला पाच-सहा वर्षांचे पोर हाताला न पेलणारे टाळ घेऊन उभे असते. त्याचा ठोका मृदंगामागे रेंगाळतो, मग उगाच पुढे धावतो, पावली चुकून शेजारच्या म्हाताऱ्याच्या पायावर पडते, आणि तो न रागावता नुसता त्याच्या खांद्यावर हात ठेवतो. असे होता होता चौथ्या-पाचव्या सांजेस केव्हा तरी हात, पाय आणि कंठ एका ठेक्यात येतात. अक्षरओळख नसलेल्या जिभेवर अभंग बसतो. पंगतीत तेच पोर चिमटीने मीठ वाढीत जाते; एकही पान चुकवायचे नाही, हे त्याला कोणी फळ्यावर लिहून शिकविलेले नसते.

तथापि लेकरास ध्वनिक्षेपकापुढे उभे करून पाठांतर वदवून घेण्याची हौस हल्ली बळावली आहे, ती मला रुचत नाही. भक्ती आपली आणि तुडविले जाते ते पोर, अशातलाच हा प्रकार. कीर्तन रंगात आले असता आजीच्या मांडीवर झोपलेल्यास कोणी हलवू नये. शिवाय पुष्कळ ठिकाणी मुलीच्या हाती टाळाआधी पोळपाट येतो, ही खोट उघडच आहे.

यंदा आपल्या गावी सप्ताह बसेल, तेव्हा वर्गणीच्या हिशेबात लहान टाळांच्या चार जोड्या अवश्य धराव्यात. त्यांतील दोन मुलींसाठी.