लहायनातले तीन पराभव

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा मोसम नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि एप्रिलच्या सुरुवातीला संपतो. यातला पहिला महिना जाणते प्रेक्षक फारसा मनावर घेत नाहीत. संघ नवा, मुलं एकमेकांच्या सवयीची नाहीत, चुका व्हायच्याच, असं म्हणून सोडून देतात. हे खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. सुरुवातीच्या चुकांमध्ये काही अशा असतात की त्या सरावाने झिजतात. काही मात्र संघ बांधतानाच राहून गेलेल्या असतात, आणि त्यांना कितीही घाम गाळला तरी उपाय नसतो. गुणफलकावर दोन्ही सारख्याच दिसतात. कनेटिकट विद्यापीठाच्या पुरुष संघाचा २०२४-२५चा मोसम हा फरक समजून घ्यायला चांगला नमुना आहे, कारण त्यांची खोट नोव्हेंबरच्या तीन दिवसांत सगळ्यांसमोर आली होती. तरीही बहुतेकांनी तिला अपघात मानलं.

हा संघ साधासुधा नव्हता. प्रशिक्षक डॅन हर्ली यांच्या हाताखाली त्याने २०२३ आणि २०२४ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय विजेतेपदं घेतली होती. दोन्ही वर्षं मिळून राष्ट्रीय स्पर्धेतले बाराही सामने त्यांनी दहा किंवा अधिक गुणांच्या फरकाने जिंकले होते. तिसरं विजेतेपद ओळीने मिळालं असतं, तर कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएने १९६७ ते १९७३ अशी सात वर्षं गाजवली त्यानंतर पहिल्यांदाच तसं घडलं असतं. पण २०२४च्या पहिल्या पाचांतले चौघे त्या उन्हाळ्यात एनबीएच्या निवडीत गेले : स्टेफॉन कासल, डोनोव्हन क्लिंगन, ट्रिस्टन न्यूटन आणि कॅम स्पेन्सर. यातल्या दोघांकडे नीट पाहायला हवं. कासल साडेसहा फुटी गार्ड, प्रतिस्पर्ध्यांच्या सर्वांत चपळ खेळाडूला तोच अंगावर घ्यायचा. क्लिंगन सात फूट दोन इंच, रिंगखाली उभा राहिला की समोरचा लेअपचा विचारच सोडून द्यायचा. म्हणजे घराचा पुढचा दरवाजा आणि मागची भिंत एकाच वेळी गेली. उरलेल्यांत अलेक्स कारबान हा मुरलेला फॉरवर्ड होता. आदल्या वर्षी बाकावरून येऊन खेळ फिरवणाऱ्या हसन डियाराला आता मुख्य पॉइंट गार्ड व्हावं लागलं. सेंट मेरीजमधून एडन महेनी आणि मिशिगनमधून टॅरिस रीड आले, शिवाय लियम मॅकनीली हा पहिल्या वर्षाचा गुणी मुलगा मिळाला. २०२१पासून कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष बाहेर बसावं लागत नाही, त्यामुळे वसंतातच निम्मा संघ नव्याने भरता येतो. तसाच हाही भरला गेला. फटके मारणारे आले, चेंडू हाताळणाऱ्याला रोखणारा आला नाही.

हे लगेच दिसलं नाही, कारण दिसायची सोयच नव्हती. मोठी विद्यापीठं मोसमाच्या सुरुवातीला लहान विद्यापीठांना पैसे देऊन आपल्या कोर्टवर बोलावतात. पाहुण्यांच्या क्रीडा विभागाचा खर्च निघतो, यजमानांच्या खात्यात विजय पडतो. कनेटिकटने असे पहिले चारही सामने तीसहून अधिक गुणांनी जिंकले. पाटा खेळपट्टीवरच्या शतकांइतकंच त्यांचं मोल. अशा सामन्यात समोरचा गार्ड तुमच्या बचावपटूला चकवून आत शिरला, तरी तिथून गुण काढायची ताकद त्याच्या संघात नसते. चूक होते, पण तिची किंमत पडत नाही, म्हणून ती मोजलीही जात नाही.

किंमत पडली हवाई बेटांवर. माऊई इन्व्हिटेशनल १९८४पासून चालत आलेली स्पर्धा. आठ संघ, तीन दिवस, रोज एक सामना. लहायना गावचं सभागृह जेमतेम अडीच हजार माणसांचं. २०२३च्या ऑगस्टमधल्या वणव्यात गावाची राखरांगोळी झाल्याने त्या वर्षी स्पर्धा होनोलुलूला हलवावी लागली होती, २०२४ला ती परत आली. देशात दुसऱ्या क्रमांकावर असलेलं कनेटिकट पहिल्या दिवशी मेम्फिसकडून जादा वेळेत ९९-९७ असं हरलं, दुसऱ्या दिवशी कोलोरॅडोकडून ७३-७२ असं एका गुणाने, आणि तिसऱ्या दिवशी डेटनने त्यांना ८५-६७ असं लोळवलं.

या तीन दिवसांत वारंवार घडलेली एक चाल सावकाश पाहू. समोरचा गार्ड मधोमध चेंडू ठोकतोय, त्याचा उंच साथीदार पुढे येऊन स्क्रीन लावतो, म्हणजे बचावपटूच्या वाटेत खांबासारखा उभा राहतो. चांगला बचावपटू खांदा चोरून त्या खांबाला वळसा घालतो आणि पुन्हा चेंडूसमोर येतो. कासल हे करायचा. आता त्याच्या जागी आलेला अर्धं पाऊल मागे राहतो. तेवढ्याने गार्ड आत शिरतो, रिंगखालच्या उंच खेळाडूला मदतीला पुढे यावं लागतं, आणि उशिरा पुढे येणारा माणूस हात खाली मारतो. शिट्टी. वैयक्तिक पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर. संघाचे एका हाफमध्ये सात झाले की समोरच्याला फ्री थ्रोची संधी, दहा झाले की प्रत्येक वेळी दोन. सॅमसन जॉन्सन आणि रीड हे दोघेही रिंगखालचे खेळाडू अशा फाऊलनी बाकावर जात राहिले. फलकावर फाऊल त्यांच्या नावावर पडले, पण चुकीची सुरुवात पंधरा फूट पुढे, बाहेरच्या बाजूला झालेली असायची. उंच खेळाडूला दटावून हा आजार बरा होणारा नव्हता.

यावर पहिला आक्षेप नशिबाचा आणि पंचांचा. मेम्फिसविरुद्ध जादा वेळेत ९२-९२ अशी बरोबरी असताना, चाळीस सेकंद उरलेली असताना, रिबाउंडसाठी मागून अंगावर गेल्याचा फाऊल मॅकनीलीवर लागला. हर्ली तिथल्या तिथे कोर्टच्या कडेला पाठीवर आडवे झाले. पंचांनी त्यांच्यावर टेक्निकल फाऊल दिला आणि मेम्फिसच्या पी. जे. कार्टरने दोन्ही फाऊलचे मिळून चारही फ्री थ्रो टाकले. पंचांनी सामना घालवला, असं कुणी म्हटलं तर त्या एका सामन्यापुरता वाद घालता येईल. प्रशिक्षकाचा तोल सुटला, हेही कुणी काढू शकतं. नशिबाचा मुद्दा मात्र अधिक वजनाचा आहे. केन पॉमरॉय या आकडेवारीच्या अभ्यासकाने फार पूर्वी दाखवून दिलंय की प्रतिस्पर्ध्याचे तीन गुणांचे फटके किती टक्के लागतात, यावर बचाव करणाऱ्याचा ताबा फारच थोडा असतो. असे फटके चार-दोन सामन्यांत धो धो पडले, तर त्यावरून बचाव वाईट ठरत नाही. म्हणून नोव्हेंबरात तो रकाना झाकून ठेवावा आणि फाऊल, हातचा चेंडू गमावणं, रिबाउंड हे रकाने वाचावेत. फाऊल नशिबाने पडत नाहीत. तीन दिवस, तीन वेगळे प्रतिस्पर्धी आणि आत शिरायची तीच वाट, हा योगायोग मानायला जरा जास्तच भाबडेपणा लागतो.

दुसरा आक्षेप सुधारणेचा, आणि त्याच्या बाजूने कनेटिकटचाच डिसेंबर उभा आहे. लहायनातून परतल्यावर त्यांनी बेलर, टेक्सस आणि गोन्झागा या तिन्ही नावाजलेल्या संघांना हरवलं. इतिहासही हेच सांगतो. २०१३-१४ला केंटकी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या भरवशावर पहिल्या क्रमांकाने मोसमात उतरलं, मिशिगन स्टेट, बेलर, नॉर्थ कॅरोलायना यांच्याकडून लवकरच हरलं, मार्चपर्यंत दहा पराभव झाले. तरी त्याने राष्ट्रीय अंतिम सामना गाठला. पण केंटकीची उणीव वयाची होती. अंगात सगळं होतं, एकत्र खेळायची सवय नव्हती, आणि सवय चार महिन्यांत लागते. उलट बाजूचं उदाहरण २०१०-११च्या कनेटिकटचं. त्या संघाने माऊईची स्पर्धा जिंकली, आणि तिन्ही सामन्यांत केंबा वॉकरने २९ किंवा अधिक गुण केले. सगळा भार एका खांद्यावर आहे हे तिथेच कळत होतं. पुढे आपल्या लीगमध्ये ते ९-९ असे रखडले, आणि शेवटी त्याच वॉकरच्या जोरावर विजेते झाले. लहायनात जिंकलेल्या संघाचं दुखणंही लहायनातच दिसलं होतं. २०२४चा डिसेंबर आक्रमणाने जिंकला होता. मॅकनीली आणि कारबान गुण करत होते, तोवर मागची गळती झाकली जात होती. एक जानेवारीला मॅकनीलीचा घोटा दुखावला, तो आठ सामने बाहेर बसला, आणि व्हिलानोवा, क्रेटन, झेवियर असे पराभव येऊ लागले. दुखापत हेच कारण, असं म्हणायला इथे वाव आहे. पण तो परतला, क्रेटनच्या घरी एकट्याने ३८ गुण करून सामना काढला, आणि लगेच पुढच्या सामन्यात कनेटिकट गुणतक्त्याच्या तळाशी असलेल्या सीटन हॉलकडून जादा वेळेत एका गुणाने हरलं.

नोव्हेंबरचा हिशेब मार्चमध्ये असा चुकवावा लागतो. राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघ निवडणारी समिती पूर्ण मोसम बघते, लहायनातला पराभव तिच्या लेखी फेब्रुवारीतल्या पराभवाइतकाच जड असतो. कनेटिकटला विभागात आठवं मानांकन मिळालं. आठव्याने पहिला सामना जिंकला की दुसऱ्यात बहुधा थेट पहिल्या मानांकिताशी गाठ पडते. त्यांनी ओक्लाहोमाला हरवलं आणि रॅलेमध्ये फ्लोरिडा समोर उभं राहिलं. शेवटच्या काही मिनिटांपर्यंत कनेटिकट पुढे होतं. मग वॉल्टर क्लेटन या गार्डच्या हातात चेंडू गेला आणि त्याला कुणी आवरू शकलं नाही. ७७-७५. फ्लोरिडा पुढे विजेता झाला, म्हणजे हरण्यात लाज नव्हती. लहायनातली एखाद-दुसरी लढत हाती आली असती, तर इतक्या लवकर फ्लोरिडासमोर यावं लागलं नसतं, ही चुटपुट मात्र राहिली.

हर्लींनी काय निदान केलं, ते त्यांनी त्या वसंतात कुणाला आणलं यावरून कळतं. जॉर्जियाहून सायलस डेमरी हा धिप्पाड, बचावाला पक्का पॉइंट गार्ड आला. आणखी एक पॉइंट गार्ड आणला, मलाकाय स्मिथ. तो आला डेटनहून, लहायनात तिसऱ्या दिवशी त्यांना अठरा गुणांनी हरवणाऱ्या संघातून.