अर्धवर्तुळाचे वस्तुमानकेंद्र : अनुमान आणि संकलन

सपाट आकृतीचे वस्तुमानकेंद्र काढण्याचे सूत्र विद्यार्थी पाठ करतात. परंतु त्यासाठी संकलन कशाला हवे, हे त्यांना पटत नाही. ते पटवून देणारे एक उदाहरण प्रस्तुत लेखात दिले आहे.

सर्वत्र सारख्या जाडीचा पुठ्ठा घेऊ. त्रिकोणाचे केंद्र पायापासून उंचीच्या १/३ अंतरावर असते. पॅराबोला आणि त्याच्या अक्षाला लंब असलेली जीवा यांनी वेढलेल्या आकृतीत ते जीवेपासून उंचीच्या २/५ अंतरावर येते. मग अर्धवर्तुळात ते व्यासापासून त्रिज्येच्या ३/७ अंतरावर असावे, असे कोणालाही वाटेल. दहाव्या शतकातील थोर गणिती अबू सहल अल-कूही यांनाही तसेच वाटले. घनाकृतींमध्ये शंकू, पॅराबोला फिरवून होणारा घन आणि अर्धगोल यांसाठी १/४, २/६, ३/८ असा क्रम खरोखरच मिळतो; त्यामुळे अनुमानाला बळ आले.

आता संकलन करून पाहू. त्रिज्या 'र' माना. व्यासापासून 'य' उंचीवरील बारीक पट्टीची लांबी २√(र² − य²) असते. तिला 'य'ने गुणून ० ते र या मर्यादांत संकलन केल्यास एकूण आघूर्ण (२/३)र³ मिळते. त्याला पाय × र²/२ या क्षेत्रफळाने भागले की केंद्राचे अंतर ४र/(३ × पाय), म्हणजे सुमारे ०.४२४४ र येते. ३/७ म्हणजे ०.४२८६. हे खरे मानल्यास 'पाय'ची किंमत २८/९, म्हणजे सुमारे ३.१११ ठरते, परंतु 'पाय' हा ३ पूर्णांक १०/७१ पेक्षा मोठा असतो, हे आर्किमिडीजने त्यापूर्वी बारा शतके सिद्ध केले होते.

हा फरक प्रयोगाने दिसेल का? सुरतेत साडीच्या खोक्याचा पुठ्ठा सहज मिळतो. त्यातून १४ सेंमी त्रिज्येचे अर्धवर्तुळ कापून व्यासाच्या एका टोकाशी टांगावे. ओळंब्याची रेषा सममितीच्या अक्षाला जिथे छेदते, तिथे केंद्र. अनुमानानुसार अंतर ६ सेंमी, संकलनानुसार ५.९४ सेंमी. फरक जेमतेम अर्धा मिलिमीटर, म्हणजे पेन्सिलीच्या रेघेएवढा!

अध्यापकांनी हा प्रयोग आधी करून घ्यावा व सूत्र नंतर सांगावे. क्रम फसवतो आणि मोजपट्टी निर्णय देत नाही, हे दिसल्यावर संकलनाची गरज वेगळी सांगावी लागत नाही.